जाळीपलीकडच्या पावत्या

वाटणी झाली तेव्हा पावत्यांचा प्रिंटर थोरल्याकडे आला आणि तो चालवणारा टॅब धाकट्याकडे गेला. मध्यस्थ म्हणून बसलेल्या दोघा म्हाताऱ्यांनी मोठ्या समाधानाने हा निकाल दिला होता. टेबलावर वस्तू दोन, भाऊ दोन. एकेक उचला आणि विषय संपवा. एकाला बादली आणि दुसऱ्याला दोर दिल्यासारखं ते झालं, पण तसं म्हणायला त्या दिवशी कुणाला तोंड नव्हतं. धाकट्याने न बोलायचं ठरवूनच टाकलं होतं. थोरला रागाने फुगून बसला होता. आणि थोरल्याची बायको, जिला सगळे थोरली म्हणत, तिला या दोघांपेक्षा जास्त माहीत होतं, म्हणून ती सगळ्यांत गप्प होती.

रोपवाटिका मधोमध कापली गेली. एकाच मांडवात मधून हिरवी जाळी ताणली आणि थोरल्याने ती तारेने शिवून टाकली, खालपासून वरपर्यंत, बोटभर फट न ठेवता. अलीकडे थोरल्याचे ट्रे, पलीकडे धाकट्याचे. जाळीतून माणूस दिसायचा तो सावलीसारखा, चेहरा नसलेला. पूर्वी एका टोकाचं टेबल ते दुसऱ्या टोकाची मांडणी असं जायला सहा पावलं लागत. आता फाटकातून बाहेर पडा, बांधाबांधाने विहिरीला वळसा घाला, मग धाकट्याचं फाटक, अशी दहा मिनिटांची वाट झाली. त्या वाटेने कुणी जातही नव्हतं.

हे झालं त्याला अकरा महिने झाले. गेल्या उन्हाळ्यात ऐन उन्हाच्या दिवसांत मिरचीच्या रोपांचे सहाशे ट्रे एका दुपारी वाळले. एवढीशी रोपं, दोन पानांची. त्यांना दुपारी एक वाजता पाणी मिळालं नाही तर चार वाजता ती माना टाकतात आणि मग देवाने येऊन पाणी घातलं तरी उठत नाहीत. त्या दिवशी पाण्याची पाळी धाकट्याची होती. थोरला चारला आला, तर पाण्याचा कॉक बंद.

"मी एक वाजता उघडला होता, दादा," धाकटा म्हणाला.

"मग बंद कुणी केला? भुतानं?"

"उघडला होता एवढं मला माहीत आहे."

"खोटारडा आहेस तू," थोरला म्हणाला. ट्रे भरायला आलेल्या बाया होत्या, रोपं न्यायला आलेली दोन गिऱ्हाइकं होती. सगळ्यांचे हात थांबले. धाकटा एकोणतीस वर्षांचा, लग्न झालेला माणूस. त्याने हातातली झारी खाली ठेवली, नीट, सांडू न देता, आणि निघून गेला.

कॉक थोरलीने बंद केला होता. सव्वाच्या सुमाराला स्वयंपाकघरातल्या नळाची धार करंगळीएवढी झाली, म्हणून ती मांडवात गेली, दहा मिनिटांसाठी कॉक फिरवला आणि नळाखाली बादली लावली. तेवढ्यात लेकीचा फोन आला. लेकीला दिवस गेले होते. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर आलेली बातमी ती. मायलेकी हसल्या, रडल्या, पुन्हा हसल्या. बादली भरून वाहायला लागली तेव्हा थोरलीने नळ बंद केला आणि फोन कानाला तसाच ठेवून ओट्याला टेकली. मांडवातला कॉक तिच्या डोक्यातून पार पुसला गेला.

नवऱ्याचा राग उतरला की सांगू, असं तिने ठरवलं होतं. राग उतरलाच नाही. मग वाटणी झाली, आणि वाटणीनंतर सांगायचं म्हणजे काय सांगायचं? दिवसागणिक ते जास्त जड होत गेलं. आई गेली तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा होता. त्याचं नाक पुसण्यापासून परीक्षेला पेन्सिली टोकून देण्यापर्यंत सगळं तिने केलं होतं. त्याचं लग्न होईपर्यंत ती त्याला बाबू म्हणायची, आणि नवी जाऊ घरात आल्यावर मुद्दाम 'भावजी' म्हणायला लागली. त्यावर तो महिनाभर हसला होता.

अकरा महिने प्रिंटर फडक्यात गुंडाळून फळीवर पडला होता. थोरला पावत्या हाताने लिहायचा. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीने पाय ओढल्यासारखं, आणि त्यात नखांत शिरलेला ट्रेमधला काळा भुसा पावतीवर उमटायचा. यंदा लावणीच्या तोंडावर बियाण्याच्या कंपनीचा माणूस येऊन सांगून गेला की रोपांत खोट निघाली तर छापील पावतीवरच भरपाई मिळेल. झालं. दुसऱ्याच दिवशी एका गिऱ्हाइकाने हाताची पावती उलटसुलट बघितली आणि परत टेबलावर ठेवली.

"छापून देता का?" तो म्हणाला. "नसेल तर पलीकडून घेतो."

पलीकडे छापायला प्रिंटरच नव्हता, पण ते त्याला कुठे माहीत. थोरल्याच्या वर्मी लागलं.

लेकीने तिचा जुना टॅब पाठवला. सकाळचं पाणी देऊन झाल्यावर नवराबायको टेबलाशी बसली आणि लेक फोनवर सांगायला लागली. थोरलीने प्रिंटरचं बटण दाबलं. आधी लाल दिवा लुकलुकला, मग निळा लागला आणि स्थिर राहिला.

"लागला निळा," थोरली म्हणाली.

"लुकलुकतोय की स्थिर?"

"स्थिर."

"मग जुळला असणार. टॅबवर बघ, यादीत नाव दिसतंय?"

"दिसतंय. बोट लावलं तर म्हणतंय, जोडता आलं नाही."

"पासवर्डचे चार शून्य टाकलेस?"

"चार काय, आठ टाकले तुझ्या बाबांनी."

लेक हसली. मग विचार करून म्हणाली, "आई, निळा स्थिर म्हणजे तो आधीच कुणाशी तरी जुळलाय. एका वेळी एकाशीच जुळतो तो."

"इथं दुसरं कोण आहे?" थोरला म्हणाला, आणि तेवढ्यात प्रिंटर कर्र करून वाजला आणि हातभर कागद आपसूक बाहेर आला.

बंधू रोपवाटिका, वर लिहिलं होतं. खाली दोघा भावांचे फोन नंबर, शेजारी शेजारी. वांगी, चार ट्रे. खाली तारीख आजची, वेळ आत्ताची. थोरलीने जाळीकडे पाहिलं. पलीकडे एक सावली टेबलावर वाकली होती आणि दुसरी सावली ट्रे उचलत होती.

"जुनंच काहीतरी पोटात राहिलं असेल मशीनच्या," थोरला म्हणाला. पण त्यानेही तारीख वाचली होती. तो उठून रोपांकडे गेला.

धाकट्याच्या टॅबमध्ये प्रिंटरची जोडणी तशीच राहिली होती. त्याने विक्री नोंदवली की त्याचा टॅब जाळीतून हात घालून अलीकडचा प्रिंटर पकडायचा. लेकीने युक्ती सांगितली म्हणून थोरलीने प्रिंटर घरात नेला. तिथे तो तिच्या टॅबशी शहाण्यासारखा जुळला. मांडवात आणला, बंद करून चालू केला, की पुन्हा पलीकडच्याचा. लेक म्हणाली, "काकाला सांग. त्याच्या टॅबमधून जोडणी काढायला दोन मिनिटं लागतील."

"सांगते," थोरली म्हणाली, आणि सांगायला गेली नाही.

खरं सांगायचं तर तिला जायचंच नव्हतं. अकरा महिन्यांत त्याच्याकडची एवढीशी खबर तिला नव्हती, आणि आता दिवसाला दोन-तीन कोमट कागद तिच्या हातात पडत होते. टोमॅटो, सहा ट्रे. कोबी, दोन ट्रे. ती पावती फाडायची, वाचायची आणि बियाण्याच्या रिकाम्या डब्यात ठेवायची. दुपारी दोनची पावती आली की तिला वाटायचं, म्हणजे अजून जेवला नाही. नवरा बघत नाही असं ती समजत होती.

मग पावत्या कमी झाल्या. एक दिवस एकही आली नाही. दुसऱ्या दिवशी आली ती अशी: रिकामे ट्रे, पाचशे. थोरलीने ती दोनदा वाचली. रिकामे ट्रे कोण विकतं? पुढच्या दिवशी झाऱ्या, तीन. फवाऱ्याचे पाइप. पत्र्याची मांडणी, चार नग. आणि बुधवारी सकाळी: पाण्याची मोटर, एक.

ती कागद घेऊन नवऱ्यासमोर उभी राहिली. तो गुडघ्यांवर बसून ट्रेच्या खणाखणांत बी टाकत होता, एका खणात एक. त्याची कंबर आता त्याला सरळ होऊ देत नव्हती. त्याने मान तिरकी करून वाचलं.

"भावजी मोटर विकतायत," ती म्हणाली.

"विकू दे. त्याचं त्याला."

"मोटर विकल्यावर उरतं काय?"

पुढच्या खणात त्याने दोन बिया टाकल्या, त्याच्या पुढच्यात तीन. मग ते लक्षात येऊन तो नखाने एकेक बी उकरून काढत बसला.

"उद्या सकाळी लावणीवाले येणार आहेत, तीन गाड्या," तो खाली बघतच म्हणाला. "छापील पावती लागेल. तू जा आणि ते मशीन सोडवून ये. मी जाणार नाही."

गुरुवारी सकाळी ती निघाली. ऊन पुन्हा गेल्या वर्षीसारखं तापायला लागलं होतं. बांधावरून जाताना विहिरीपाशी ती उगाचच दोन मिनिटं थांबली.

धाकट्याचा मांडव रिकामा होता. जिथे मांडण्या होत्या तिथे जमिनीवर चार-चार खळगे उरले होते. तो उकिडवा बसून उरलेला एक पाइप गुंडाळत होता. हाडं दिसायला लागली होती त्याची.

"ये वहिनी," तो म्हणाला, जसं काही ती कालच येऊन गेली होती. त्याने एक खोकं पालथं घालून तिच्यापुढे सरकवलं. "खुर्च्या गेल्या काल."

"कुठं चाललास?"

"शहरात. गोदामात काम मिळालंय. ही पुढं गेली, खोली लावायला. टेम्पो एक वाजता येतो."

ही म्हणजे त्याची बायको. जाताना तिने निरोपही घेतला नव्हता, आणि घ्यावा तरी कशाला, असं थोरलीला वाटलं. ती मग कामाचंच बोलली. "प्रिंटर तुझ्या टॅबला धरून बसतो. आमच्याशी जुळत नाही."

"माहीत आहे. पहिल्याच दिवशी कर्र ऐकलं मी."

"मग काढलं का नाहीस?"

तो पाइपची गुंडाळी पायाने दाबत राहिला. "वाटलं, दादा वाचेल. वाचून येईल. काल मोटरीची छापली तेव्हा तर वाटलं, आता येतोच."

"मोटर घेणाऱ्याला पावती दिली नाहीस?"

"भंगारवाल्याला पावती कशाला लागते? ती तुमच्यासाठीच होती."

अकरा महिने तोंडात धरलेलं आता सांगितलं नाही तर टेम्पो ते घेऊन जाईल, हे तिला दिसत होतं. "बाबू," ती म्हणाली, "त्या दिवशीचा तो कॉक..."

"मी पाहिलं होतं."

ती खोक्यावर टेकली.

"मी मांडणीच्या मागं डबा खात बसलो होतो. तू बादली घेऊन आलीस, कॉक फिरवलास. म्हटलं, उघडेल आता. मग माझाच डोळा लागला, तो थेट चारला दादाच्या आवाजानं उघडला. पाळी माझी आणि झोपलो मी. मग दादा काय खोटं बोलला?"

"तुला खोटारडा म्हणाले ते. तू खरं सांगत होतास."

"म्हणाला," तो म्हणाला. "तुझं नाव घेतलं असतं तर तुला म्हणाला असता. मी निदान जाळीच्या पलीकडं येऊन बसलो. तू कुठं जाऊन बसली असतीस?"

थोरली रडली. पदर तोंडात धरून, आवाज न करता, कारण जाळीच्या पलीकडे नवरा होता. धाकटा तिच्यासमोर उकिडवा बसून राहिला. मग म्हणाला, "चहा केला असता, पण स्टोव्ह बांधलाय." त्याने टॅब मांडीवर घेतला. "तू जा. तू पोहोचेपर्यंत मशीन मोकळं होईल."

परत यायला तिला दहाऐवजी पंधरा मिनिटं लागली. ती मांडवात शिरली तेव्हा थोरला टेबलाशी उभा होता आणि त्याच्या हातात पावती होती.

"वाच," तो म्हणाला.

बंधू रोपवाटिका. दोन नंबर. मिरची, वाळलेली, सहाशे ट्रे. आणि खाली शेऱ्याच्या जागी: पाण्याची पाळी माझी होती. चूक माझी.

"कबूल केलं त्यानं." थोरल्याने बाहीने डोळे पुसले. त्याचा चेहरा वर्षभरात असा सैल झाला नव्हता. "एवढं एक वाक्य. एवढ्यासाठी अकरा महिने घालवले गाढवानं. पक्कड कुठं आहे? ही जाळी आत्ता काढतो. त्याला म्हणतो, झालं गेलं, गप घरी ये."

तो खरंच पक्कड शोधायला लागला. पोती हलवली, डबे हलवले. थोरली बघत होती. तिने फक्त गप्प राहायचं होतं. गप्प राहण्याची तर तिला सवयच होती. जाळी निघाली असती, टेम्पो रिकामा परत गेला असता, नवरा मोठ्या मनाने माफ करून मोकळा झाला असता. आणि तिने वाढवलेलं पोर जन्मभर या मांडवात माफी मिळालेला माणूस म्हणून वावरलं असतं.

नवऱ्याला पक्कड सापडली.

"अहो, ती ठेवा," ती म्हणाली. "कॉक मी बंद केला होता."

"आत्ता? का? एकला उघडायचाय."

"आत्ता नाही. त्या दिवशी."

मग तिने सांगितलं. बादली, लेकीचा फोन, सगळं. सांगायला लागल्यावर ते चार वाक्यांत संपलं. थोरला भुशाच्या पोत्यावर बसला. पक्कड त्याच्या मांडीवर होती आणि तो तिचं तोंड उघडत-मिटत होता.

"त्याला माहीत होतं?" त्याने विचारलं.

"पहिल्यापासून."

तो उठला. जाळी कापायला गेला नाही. पक्कड टेबलावर ठेवून फाटकातून बाहेर पडला आणि बांधाच्या वाटेने, विहिरीला वळसा घालून, लांबच्या रस्त्याने गेला. कंबरेवर एक हात ठेवून तो जमेल तेवढं भरभर चालत होता.

पलीकडे टेम्पो येऊन उभा राहिला होता. थोरली जाळीला नाक लावून उभी राहिली. एक सावली सामान चढवत होती. दुसरी वाकलेली सावली आली आणि पहिलीसमोर थांबली. इंजिन चालूच होतं, त्यामुळे शब्द एकही ऐकू आला नाही. वाकलेली सावली आणखी वाकली. पहिलीने तिला दोन्ही दंडांना धरून सरळ केलं, आणि मग कितीतरी वेळ दोघांचं मिळून एकच काहीतरी दिसत राहिलं. मग टेम्पोचं दार वाजलं.

थोरला परत आला तेव्हा तिने विचारलं, "काय म्हणाला?"

"म्हणाला, दादा, सगळं विकून झालं. आता थांबून काय करू." तो पाणी प्यायला, तोंडावरून हात फिरवला. "आणि म्हणाला, वहिनीला बोलू नकोस."

तो तिला बोलला नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. एकदा कडाडून बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कैक वेळा वाटलं.

लावणीवाले त्या दिवशी सकाळचे दुपारी उगवले. प्रिंटरचा लाल दिवा लुकलुकत होता. थोरलीने टॅबवर बोट लावलं, चार शून्य टाकले, आणि दिवा निळा झाला. टॅबने दुकानाचं नाव आणि नंबर विचारला. नवऱ्याने आधी सांगून ठेवलं होतं, आपला एकच नंबर टाक. तिने 'बंधू रोपवाटिका' लिहिलं, एक नंबर टाकला आणि शेजारी दुसरा टाकला. तो तिला पाठ होता.

पहिली पावती सुरेख छापून आली. गिऱ्हाइकाने ती उजेडाकडे धरली. "हा दुसरा नंबर कुणाचा? रोपांचं काही झालं तर याच्यावर फोन केला तर चालेल का?"

थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं. तो पाठमोरा वाकून गाडीसाठी ट्रे काढत होता. त्याचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले.

"भावाचा आहे," तो वर न बघता म्हणाला. "करा. उचलेल तो."

एक केव्हाच वाजून गेला होता. थोरली पदर खोचून कॉकपाशी गेली. तिने तो उघडला, आणि पाणी शेवटच्या ट्रेपर्यंत पोहोचून रोपं निथळेपर्यंत तिथेच उभी राहिली. घरात फोन वाजत होता. तिने कॉकवरचा हात काढला नाही.